टॉनी मॅन त्रयी : काही महिन्यांच्या सहवासानंतर

रॉबिन हॉबची ‘टॉनी मॅन’ ही फँटसी कादंबऱ्यांची त्रयी (२००१ ते २००३) गेले काही महिने माझ्या उशाशी आहे. तिन्ही जाडजूड भाग सलग वाचले, मग पहिला पुन्हा काढला. आधीची ‘फारसीअर’ त्रयी आवडलेल्यांनी ही वाचावी का? वाचावीच, पण सवडीने.

हॉब इथे नायकाला खरंच वय देते. फारसीअर संपल्याला पंधरा वर्षं झाली आहेत. राजघराण्यासाठी लपूनछपून खून करणारा फिट्झ आता टॉम बॅजरलॉक या नावाने आडबाजूला झोपडीत राहतो, कोंबड्या पाळतो, हॅप नावाच्या अनाथ पोराला वाढवतो. नाइटआइज हा त्याचा लांडगा म्हातारा झालाय. दोघांची मनं विटने, म्हणजे प्राण्यांशी मन जोडणाऱ्या जादूने, जोडलेली, त्यामुळे लांडग्याचं दुखणं फिट्झलाही जाणवतं. जुनी माणसं एकेक करून दारात येतात, गप्पा होतात, आणि कितीतरी पानं कथानक जागचं हलत नाही. कुणाला हे रटाळ वाटेल. मला पुढे नाइटआइजचं जे होतं ते इतकं लागलं, ते याच पानांमुळे. ती पानं वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं.

मधली ‘लाइव्हशिप ट्रेडर्स’ त्रयी गाळून थेट इथे येऊ नका. कथा कळेल, पण बरंच हातचं निसटेल. फिट्झचा जुना मित्र विदूषक परत येतो तेव्हा त्याच्या घोडीचं नाव असतं माल्टा. लाइव्हशिप वाचलेल्याला त्या एका नावातून कळतं की ही स्वारी एवढी वर्षं कुठे होती.

दुसरा भाग मला सैल वाटला. बककीपच्या दरबारातली खलबतं रंगतात, पण हॅपचं प्रेमप्रकरण फार ताणलंय. तिसऱ्या भागात मात्र हॉबची कल्पनाशक्ती पुन्हा जोरात आहे. थिक हा मंदबुद्धी समजला जाणारा नोकर, पण स्किलची, म्हणजे एका मनातलं दुसऱ्या मनात पोचवणाऱ्या जादूची, ताकद अफाट. बर्फात गाडलेल्या ड्रॅगनच्या शोधात निघालेल्या जहाजावर त्याला समुद्र लागतो, आणि त्याची मळमळ, त्याची चिडचिड स्किलमधून सगळ्या खलाशांच्या अंगात भिनते. कुणालाच कळत नाही की आपण एवढे वैतागलोय कशाने. जादू कशी चालते हे समजवायला मला यापेक्षा चांगला प्रसंग आठवत नाही.

शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. फिट्झच्या घरसंसाराचा प्रश्न अखेरच्या प्रकरणांत फारच झटपट सुटतो, आणि विदूषकाचा निरोप त्या घाईत दबून जातो. पुढची ‘फिट्झ अँड द फूल’ त्रयी २०१४मध्ये सुरू झाली, म्हणजे तेव्हाच्या वाचकांना त्या निरोपावर दहाएक वर्षं काढावी लागली. मी तिचा पहिला भाग मागवलाय. तोवर हॉबच्याच ‘रेन वाइल्ड’ मालिकेचे चार भाग संपवायचे आहेत.