मामिएन स्कर्ट घेताय? विणलेलाच घ्या, छापील नको

आधी निकाल सांगून टाकते. ऑनलाइन घेतलेला काळा-सोनेरी मामिएन स्कर्ट (चीनचा जुना, निऱ्यांचा, गुंडाळून बांधायचा पायघोळ स्कर्ट), किंमत 298 युआन म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. कापड छान, निऱ्या एक नंबर, आतली बाजू मात्र भिकार. दुकानाचं नाव देत नाही कारण अशी शेकडो दुकानं आहेत आणि माल बऱ्यापैकी सारखाच, त्यामुळे दुकानापेक्षा काय बघून घ्यायचं तेच लिहिते.

आम्ही चीनमध्ये सुझोऊला राहतो, इथे चायनीज न्यू इयर जवळ आलं की निम्म्या बायका हाच स्कर्ट घालून फिरताना दिसतात, वर साधा शर्ट नाहीतर स्वेटर आणि खाली हा पायघोळ भरजरी प्रकार. आपल्याकडून येणाऱ्या लोकांना चायनीज ड्रेस म्हणजे तो अंगाला घट्ट, बाजूला कट असलेला छिपाओच माहीत असतो, पण तो या रूपात आला 1920च्या दशकात, शांघायमध्ये, आणि 1930नंतर तर अजूनच घट्ट होत गेला. हा स्कर्ट त्याच्या कितीतरी आधीचा, मिंग राजवटीच्या काळातला (1368 ते 1644).

घडण भारी आहे. एकाच पट्ट्याला दोन वेगवेगळे तुकडे शिवलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना सपाट फळी आणि मधे निऱ्या. नेसलं की फळ्या एकमेकींवर चढतात, म्हणून असतात चार पण दिसतात दोन, एक पुढे एक मागे, आणि निऱ्या दोन्ही बाजूंना. मागून पुढे गुंडाळायचा आणि नाड्या फिरवून बांधायच्या. पुढची फळी बरोब्बर मध्यावर आली पाहिजे, नाहीतर अख्खा स्कर्ट वाकडा दिसतो. साडी नेसणाऱ्या बाईला हे दोन मिनिटांत जमतं, माझ्या ऑफिसमधल्या चिनी मुलीपेक्षा माझ्या निऱ्या नीट बसल्या होत्या हे मुद्दाम नमूद करते 😄

आता कापड. स्वस्तातला असतो तो छापील, साठ-सत्तर युआनलाही मिळतो, लांबून बरा दिसतो पण उन्हात गेलं की सोनेरी रंग सरळ पिवळा दिसायला लागतो. तो घेऊ नका. दुसरा म्हणजे यंत्रावर जर घालून विणलेला, माझा तोच, आणि हा खरंच चांगला वाटतो. पॉलिएस्टर आहे, दुकानदार काहीही लिहू देत, या किमतीत रेशीम येत नाही. पण पॉलिएस्टर म्हणून नाक मुरडू नका, कारण प्रेस केलेल्या निऱ्या त्याच्यावरच टिकतात, माझ्या धुऊनही हलल्या नाहीत. वजन चांगलंच आहे, त्यामुळे घेर मस्त पडतो, वाऱ्यात उडत नाही.

काही दुकानं या यंत्राच्या मालालाच "च्वांगह्वा", म्हणजे हातमागावरचं जरीचं नक्षीकाम, म्हणून विकतात आणि शंभर-दोनशे युआन वर लावतात. त्याला फसू नका. खरं च्वांगह्वा बघायचं असेल तर नानजिंगच्या युनचिन (तिथलं जरीचं कापड) म्युझियमला जा, तिथे मोठ्ठ्या लाकडी मागावर दोघं बसतात, एक वर बसून नक्षीचे धागे ओढतो, दुसरा खाली विणतो, आणि दोघांनी दिवसभर खपून होतं पाच-सहा सेंटीमीटर. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली कला आहे ती, साडेतीन हजारात कुठून येणार. आमच्या सुझोऊचं "खसं" नावाचं विणकाम तर अजून वेगळं, त्यात प्रत्येक रंगाचा बाणा नक्षीपुरताच फिरवून परततो, म्हणून दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच दिसतं. आपल्या हातमागाच्या पैठणीचा पदर असाच विणतात, त्यामुळे येवल्याचा माल हातात घेतलेल्या कोणालाही हे लगेच कळेल.

आणि इथेच माझा राग. माझ्या स्कर्टच्या उलट्या बाजूला सगळे जरीचे धागे मोकळे लोंबतात, अस्तर नाही. पहिल्याच दिवशी जोडव्यात धागा अडकला आणि काठावरच्या ढगाची अख्खी रेघ उसवली. चिनी बायका जोडवी घालत नाहीत, त्यांना प्रॉब्लेम नसेल, पण आपल्या लोकांनी अस्तरवालाच घ्यावा, किंवा घरी आल्यावर खालच्या काठाला साडीला लावतो तसा फॉल लावून टाकावा, मी तेच केलं आणि आता काही त्रास नाही.

डिझाइनबद्दल. माझ्यावर गुडघ्याजवळ एक आणि खाली एक असे दोन काठ आहेत, त्यात चार नखांचा माङ्ग, म्हणजे जवळपास ड्रॅगनच. मिंग काळात हा कोणीही घालू शकत नव्हतं, बादशाहने बक्षीस दिला तरच, आणि पाच नखांचा ड्रॅगन तर त्याचा स्वतःचा. आता मेट्रोच्या एका डब्यात डझनभर माङ्ग दिसतात! आजची बरीच डिझाइन्स छुफू गावातल्या, कन्फ्यूशियसच्या घराण्याने जपून ठेवलेल्या कपड्यांवरून उचललेली आहेत, त्यातला हिरव्या जाळीदार रेशमाचा माङ्ग स्कर्ट शानदोङ्ग म्युझियममध्ये आहे. दुकानं सरसकट "मिंग स्टाइल" लिहितात, पण सगळं भरतकाम फक्त फळ्यांवर आणि बाजूला एकदम बारीक शिवलेल्या निऱ्या असतील तर तो बहुतेक छिंग, म्हणजे मिंगनंतरच्या मांचू राजवटीच्या, वळणाचा असतो. वाईट नाही, फक्त नाव चुकीचं.

छिंग काळापर्यंत हा टिकला कसा हेही इंटरेस्टिंग आहे. 1645 मध्ये मांचू राज्यकर्त्यांनी हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांना डोकं पुढून भादरून मांचू वेश घालायला लावला, न ऐकणाऱ्यांची मुंडकी उडवली, पण बायकांना सोडलं. म्हणून पुरुषांचे जुने कपडे गेले आणि बायकांचा हा स्कर्ट पुढे अडीचशे वर्षं चालू राहिला. मग छिपाओ आला आणि हा मागे पडला, आणि सांस्कृतिक क्रांतीत तर छिपाओचीही धडगत नव्हती, 1967 मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछीच्या बायकोला, वांग क्वांगमेईला, अपमान करायला भर सभेत जबरदस्तीने छिपाओ आणि पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घालून उभं केलं होतं.

परत आणला तो तरुण पोरांनी, आणि 2022 मध्ये डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने असाच दिसणारा स्कर्ट 29,000 युआनला काढून वर आपलीच खास रचना म्हटल्यावर पॅरिसच्या दुकानासमोर चिनी विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले, तेव्हापासून तर खप सुटलाच. शानदोङ्गमधला छाओ तालुका आधी स्टेजवरच्या नाचाचे ड्रेस शिवायचा, आता तिथे हान कपड्यांचे कारखाने आहेत, तुमचा स्कर्टही बहुतेक तिथूनच येईल.

बाकी किरकोळ. थंडीत लेगिंगवर घातला तर करंट बसल्यासारखा चिकटतो, आत सुती परकर घाला. एस्कलेटरवर आणि स्कूटरवर उचलून धरा. गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, पट्ट्याला क्लिपा लावून टांगा. साइज कमरेवर नाही, उंचीवर असतो, कंबर नाड्यांनी जमते, पण रुंद कमरेवर फळ्या पुरेशा चढत नाहीत आणि चालताना उघडतं, म्हणून दुकानाला पट्ट्याची लांबी विचारूनच ऑर्डर करा.