जेम पोर्टलवरून फाइव्ह स्टार पंखे आणि एसी: माल चांगला मिळतो, पण तो मागता यावा लागतो

कार्यालयातले जुने पंखे काढून कमी वीज खाणारे घ्यायचे ठरले, की बहुतेक सरकारी खरेदीदार जेमवर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर, येऊन पोचतात. हे पोर्टल ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालं. तिथे जे मिळतं ते तिथूनच घ्यायचं, असं 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनी केंद्राच्या खात्यांना सांगितलं. महाराष्ट्रातली कार्यालयं, पालिका आणि अनुदानित महाविद्यालयंही आता त्यावर आहेत. विजेचा खप आणि त्यामागचं कार्बन उत्सर्जन कमी करणारी खरेदी तिथे कितपत जमते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

पाचपैकी तीन गुण. माल आहे, स्पर्धा आहे, पैसे कुणाला किती गेले ते दिसतं. गुण कापले ते एका गोष्टीसाठी: साध्या बोलीत (बिडमध्ये) पोर्टल फक्त खरेदीची किंमत बघतं, पुढच्या दहा वर्षांचं वीजबिल बघत नाही. तुम्ही काही लिहिलं नाहीत, तर सगळ्यात स्वस्त पंखा एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा म्हणून विजेता, ठरतो आणि तो बहुधा वन स्टार असतो.

हिशेब घालून बघू. छताच्या पंख्यांना जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं आहे. 1200 मिलिमीटरच्या पंख्याला मिनिटाला किमान 210 घनमीटर हवा द्यावी लागते. वॅटमागे 4 घनमीटर हवा दिली तर वन स्टार, 6 दिली तर फाइव्ह स्टार. म्हणजे वन स्टार पंखा पूर्ण वेगावर 52 वॅटच्या आसपास, तर फाइव्ह स्टार 35 वॅटच्या आत. बाजारातले बरेच बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे 28 ते 32 वॅटवर चालतात. विक्रेते तुलना करतात ती मात्र 75 वॅटच्या जुन्या पंख्याशी, कारण तिथे बचत मोठी दिसते. पंखा बदलायचं एकदा ठरल्यावर ती तुलना निरुपयोगी आहे. प्रश्न उरतो तो नवा वन स्टार की नवा फाइव्ह स्टार एवढाच, आणि त्यांतला फरक 22 वॅट धरावा.

कार्यालयात दिवसाला 8 तास, वर्षाला 240 दिवस पंखा चालला तर वर्षाला 42 युनिट वाचतात. युनिट 10 रुपये धरलं तर 420 रुपये. फाइव्ह स्टारसाठी जास्तीचे 1,200 रुपये मोजले असतील तर ते सुटायला जवळपास तीन वर्षं लागतात. तोच पंखा रुग्णालयाच्या वॉर्डात, वसतिगृहात किंवा पोलीस ठाण्यात दिवसाला 16 तास, वर्षाला 300 दिवस चालला, तर वर्षाला 105 युनिट वाचतात आणि पैसे वर्ष-सव्वा वर्षात वसूल होतात. सभागृहात महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या पंख्यासाठी हा खटाटोप करू नये. निधी कमी असेल तर आधी वॉर्ड आणि वसतिगृह, साहेबांचं दालन नंतर. (प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो.)

आता बोली कशी लिहायची. रक्कम लहान असेल तर थेट खरेदी, त्यापुढे किमान तीन उत्पादकांच्या दरांची तुलना आणि मोठ्या रकमेला बोली किंवा रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे विक्रेत्यांनी दर उतरवत नेण्याचा लिलाव. या मर्यादा बदलत असतात, तेव्हा लागू असलेल्या आदेशाची प्रत नस्तीत (फाइलमध्ये) लावावी. बोली टाळायला मागणीचे तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. वर तुकड्यांच्या खरेदीत बीएलडीसी पंख्याचा दर उतरत नाही तो नाहीच.

श्रेणी निवडल्यावर तांत्रिक गुणधर्मांची यादी येते. स्टार रेटिंगच्या रकान्यात ‘किमान 5’ निवडावं. तिथे ‘3, 4, 5’ असं सगळं टिक केलं की पुढचं सगळं वाया. अनेक खरेदीदार जास्त बोलीदार यावेत म्हणून हेच करतात. ‘कमी पर्याय का ठेवले’ असा प्रश्न आला तर उत्तर नियमातच आहे: वित्त मंत्रालयाने ठरवलेल्या विद्युत उपकरणांना किमान किंवा त्याहून वरचं स्टार रेटिंग असलं पाहिजे, असं सामान्य वित्तीय नियमांतला नियम 173 सांगतो. राज्याच्या कार्यालयांनी 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेच्या चौकटीत हीच कारणमीमांसा टिपणीत लिहावी आणि वरच्या वीजबचतीच्या हिशेबाचा तक्ता करून सोबत जोडावा. तक्ता जोडलेली नस्ती सहसा परत येत नाही.

यादीत न बसणारं अतिरिक्त अटींत जातं. तिथे जपून लिहावं. विशिष्ट ब्रँडचं नाव घालता येत नाही. भारतीय मानक असताना परदेशी प्रमाणपत्र मागितलं तर ती अट रद्दबातल धरली जाते. हौसेने परदेशी इको-लेबल मागणाऱ्यांची अडचण इथेच होते. पर्यावरणपूरक मालासाठी आपल्याकडचं इकोमार्क आहे, त्याचे नवे नियम सप्टेंबर 2024 मध्ये आले. पंख्यापुरतं मात्र आयएस 374 हे भारतीय मानक, स्टार लेबल आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल पुरतो. चालतील आणि उपयोगी पडतील अशा अटी म्हणजे 140 ते 285 व्होल्टपर्यंत चालणं, सर्ज (अचानक वाढणारा विजेचा दाब) संरक्षण, पॉवर फॅक्टर 0.9 च्या वर आणि सर्किटसह जागेवर मिळणारी वॉरंटी. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. बीएलडीसी पंख्याची मोटर सहसा जात नाही, जातो तो आतला सर्किट बोर्ड; आणि वॉरंटीच्या कागदावर ‘मोटरवर पाच वर्षं’ असं लिहून बोर्डाला एकच वर्ष दिलेलं असतं.

बसवताना ठरावीक दोन घोटाळे होतात. जुना रेग्युलेटर भिंतीवर तसाच ठेवून बीएलडीसी पंखा जोडला जातो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून देतो आणि पंख्याचा बोर्ड ते सहन करत नाही. पंखा गुणगुणतो, अडखळतो आणि काही महिन्यांत बंद पडतो. रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायची आणि त्या जागी कोरी प्लेट बसवायची, हे अटींतच लिहावं, नाहीतर वायरमन ‘ते आपल्या कामात नाही’ म्हणतो. दुसरा घोटाळा रिमोटचा. एका मोठ्या खोलीत दहा पंखे आणि दहा सारखे रिमोट असले, की लेखा शाखेने पंखा कमी केला तर आस्थापना शाखेचाही कमी होतो. प्रत्येक पंख्याशी वेगळा जोडता येणारा रिमोट मागावा. शाळांसाठी तर रिमोट नकोच. भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल मागावं.

माल आल्यावर तात्पुरती पोच देऊन थांबू नये. अंतिम स्वीकृती, म्हणजे सीआरएसी, द्यायला साधारण दहा दिवस असतात, तेवढ्यात दोन गोष्टी तपासाव्यात. लेबलवरचा मॉडेल क्रमांक ऊर्जा दक्षता ब्युरोच्या स्टार लेबल अ‍ॅपवर टाकून रेटिंग आणि लेबलचा कालावधी बघावा. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या कालावधीचा फाइव्ह स्टार आजच्या मोजमापात फाइव्ह स्टार असेलच असं नाही. पोर्टलवरची माहिती विक्रेत्याने भरलेली असते, लेबल मात्र नोंदलेलं असतं. दोन्ही जुळत नसतील तर माल नाकारावा. मग प्लगमध्ये लावायचा साधा वॅटमीटर घेऊन पाच-सहा पंखे पूर्ण वेगावर मोजावेत. 30 वॅट लिहिलेला पंखा 40 दाखवत असेल तर वाद घालण्याची वेळ तीच. सीआरएसी गेल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

एसीचं गणित वेगळं आहे. लेबलवरचा वार्षिक खप 1,600 तासांसाठी काढलेला असतो. आठ तासांच्या कार्यालयात एसी वर्षाला दोनशे दिवस चालला तर तेवढेच तास होतात, म्हणून दोन मॉडेलांचे ते आकडे थेट वजा केले तरी चालतं. ते आकडे टिपणीत घ्यावेत. टनामागचा दर घेऊन काही कळत नाही. एसीत भरलेला, थंडावा देणारा वायूही बघावा. आर-410ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 2,088 पट आहे, आर-32 ची 675 पट आणि आर-290 ची अगदी नगण्य. शेवटचे दोन ज्वलनशील आहेत (आर-32 कमी, आर-290 जास्त), म्हणून बसवणारा प्रशिक्षित असावा. तांब्याची पाइप किती मीटर, स्टँड आणि ड्रेन कुणाचा, हे आधी लिहिलं नाही तर बसवण्याच्या दिवशी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे निघतात.

जुना एसी काढताना खरी चूक होते. त्यात बहुधा आर-22 असतो, 1,810 पटीचा. दीड टनाच्या यंत्रात साधारण किलोभर वायू मावतो. मेकॅनिकने पाइप कापून तो हवेत सोडला, तर एका एसीमागे सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. आपल्या ग्रिडमध्ये युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर हिशेब केलेल्या शंभर कार्यालयीन पंख्यांची वर्षाची बचत जेमतेम तीन टन भरते. म्हणजे दोन एसी निष्काळजीपणे उतरवले की शंभर पंख्यांचं वर्ष गेलं. वायू सिलिंडरमध्ये काढून घ्यायची अट आणि त्याची पावती खरेदी आदेशातच हवी.

जुन्या मालाच्या बदल्यात नवा घेण्याची, म्हणजे बायबॅकची, सोय नियम 176 मध्ये आहे आणि जेमवरही तशी बोली काढता येते. निर्लेखनाचा, म्हणजे जुनी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, वेगळा व्याप वाचतो, म्हणून कार्यालयांना ती आवडते. पण घेणारा व्यापारी असला तर 75 वॅटचा पंखा दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या छताला लागतो आणि वीज जळायची तशीच जळते. जुना माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यायचा आणि प्रमाणपत्र आणायचं, असं लिहावं. एसी आणि संगणकांना तर 2022 च्या ई-कचरा नियमांमुळे ते करावंच लागतं.

दराबद्दल एक गोष्ट. एकट्या कार्यालयाच्या वीस पंख्यांना चांगला दर मिळत नाही. एलईडी बल्बच्या वेळी ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभरची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, तेव्हा 2014 मध्ये 310 रुपयांचा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. पंख्यांसाठी त्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये एक कोटीचं लक्ष्य ठेवून कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा परिषद किंवा विद्यापीठाला हे लहान प्रमाणात करता येतं, कारण जेमवर एका बोलीत अनेक माल स्वीकारणारे घालता येतात. अडचण नंतर येते. चाळीस शाळा जोडल्या तर चाळीस मुख्याध्यापकांचं लॉगिन चालू असावं लागतं, प्रत्येकाला स्वतंत्र सीआरएसी द्यावी लागते आणि तिघांचे मोबाइल क्रमांक बदललेले असतात. बोली काढण्याआधी सगळ्यांना एकदा लॉगिन करून घ्यायला लावावं, नाहीतर पुरवठादाराचं बिल अडकतं आणि पुढच्या वेळी तो दर वाढवूनच भरतो.

मार्च अखेरच्या घाईत ही खरेदी करू नये. बोली किमान दहा दिवस खुली ठेवायची, मग छाननी, मग पुरवठा; फेब्रुवारीत सुरुवात केली तर वॅटमीटर लावायला वेळच उरत नाही आणि आलेला माल तसाच स्वीकारला जातो. दिवाळीनंतर अंदाजपत्रक, डिसेंबरात बोली आणि जानेवारीत पुरवठा, असं जमवलं तर उन्हाळ्याआधी पंखे छताला लागतात.