क्लासच्या प्रयोगासाठी काय निवडाल: डबल एक्स्पोजर की हलता कॅमेरा?

फोटोग्राफीच्या क्लासमध्ये कधी ना कधी हा गृहपाठ येतोच: एडिटिंग बंद, जे करायचं ते कॅमेऱ्यातच. मग बहुतेकांची गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते. शटर उघडं असताना मुद्दाम कॅमेरा हलवायचा, नाहीतर एकाच फ्रेमवर दोन फोटो चढवायचे.

कॅमेरा हलवणं सुरू करायला सोपं. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) एफ/१६, शटर १/१५ ते अर्धा सेकंद. झाडांची रांग असेल तर वरून खाली, पाणी असेल तर आडवा. अडचण होते ती उजेडाची. लख्ख उन्हात या सेटिंगला शटर १/१२५च्या आसपास लागतं, म्हणजे फारच जलद. ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) लावला की ते १/१५वर येतं, ६ स्टॉपचा लावला की अर्ध्या सेकंदावर. हा हिशेब एकदा स्वतः मांडलात की एक्स्पोजरचा त्रिकोण, म्हणजे आयएसओ, ॲपर्चर आणि शटरचा मेळ, वेगळा घोकावा लागत नाही.

हात आधी हलायला लागला पाहिजे, बटण मग दाबायचं, आणि शटर मिटल्यावरही हात चालूच ठेवायचा. मध्येच थांबलात तर रेघेच्या टोकाशी गाठ उमटते. (सेन्सरवरची धूळही इथेच चव्हाट्यावर येते. सगळं चित्र फराटलेलं आणि धुळीचे ठिपके जागच्या जागी, कारण कॅमेऱ्याबरोबर सेन्सरही हलतो.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या प्रकारात फसलेला फोटोही बरा दिसतो. शिवाय एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेल्या सेटिंगच्या नोंदीत) शटर स्पीड सापडतो, हाताचा वेग नाही. त्यामुळे आवडलेला फोटो पुन्हा काढायला गेलात की तसा येत नाही आणि ‘हा कसा काढलास?’ला अर्धंच उत्तर देता येतं.

डबल एक्स्पोजर इतकं मायाळू नाही. चुकलं की चुकलेलं लगेच दिसतं आणि का चुकलं तेही सांगता येतं. दोन्ही फ्रेमचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून पहिल्या फोटोत जे काळं असेल तिथेच दुसरा फोटो नीट उमटतो. पांढऱ्या भागात तो धुऊन जातो. उजळ आकाशासमोर कुणाचा तरी चेहरा बाजूने, पार काळा येईल असा घ्या, मग त्यावर पानांची दाटी. पानं चेहऱ्याच्या आत दिसतील, आकाशात जवळपास नाहीत. कॅमेऱ्यात ‘ॲड’ मोड (फ्रेमच्या प्रकाशाची सरळ बेरीज करणारा) असेल तर दोन फ्रेमसाठी प्रत्येकी १ स्टॉप कमी करायचा, चार फ्रेमसाठी २ स्टॉप. ‘ॲव्हरेज’ मोडमध्ये हे काम कॅमेराच करतो, पण शिकायला ‘ॲड’च बरा. मात्र ही सोय सगळ्याच कॅमेऱ्यांत नसते, आधी मेनू उघडून बघा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. झूम बर्स्ट, म्हणजे शटर उघडं असताना झूमची रिंग फिरवणं, दोन-चार फोटोंनंतर कंटाळवाणं होतं. लाइट पेंटिंगला अंधार, ट्रायपॉड आणि भरपूर सवड लागते. छायाचित्रकार जॉन मिलीने १९४९मध्ये पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन हवेत काढून घेतलेली चित्रं बघितलीत की मोह होतो, पण तिथे रेघ पिकासोची होती. पॅनिंग, म्हणजे धावत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, मात्र टाळू नका. १/३०ला धावती सायकल धारदार आणि मागचं सगळं पुसट, यात हाताचा सरावही होतो आणि जमलं की नाही हे वादातीत कळतं.

क्लास नुकताच सुरू झाला असेल तर आधी पॅनिंग, मग हलता कॅमेरा. एक्स्पोजर मोजणं हातात बसलं असेल आणि क्लासच्या शेवटी चार-सहा फोटोंची मालिका द्यायची असेल, तर मी डोळे झाकून डबल एक्स्पोजर म्हणेन. फिल्टरची खरेदी लगेच नको. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घरात असेल तर तो एक-दोन स्टॉप प्रकाश कमी करतो, आणि ढगाळ संध्याकाळी एफ/१६ला तेवढं पुरतं.