केपांची डबी: वरचा थर खरा, खालचा खोटा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या गावात बऱ्याच घरांत शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. मी बंदुकीत छरे भरत नाही. दारू घालायची, कागदाचा बोळा गजाने ठासायचा आणि नळी आभाळाकडे करून बार काढायचा. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, शिरलेली रानडुकरं त्या आवाजाने पळतात, रात्रभर नाही तरी दोनेक तास. रानडुक्कर परवानगीशिवाय मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आवाजावरच भागवतो.

हा सगळा खेळ केपेवर चालतो. वाटाण्याहून लहान तांब्याची टोपी, तिच्या तळाशी मसाल्याचा बारीक थर. ती निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या भोक असलेल्या बोंडावर, बसवली आणि घोडा पडला की ठिणगी आत जाते. केप नसेल तर बंदूक म्हणजे नुसती लोखंडाची काठी. आणि केपा मिळणं आता फार अवघड झालं आहे. ठासणीच्या बंदुका वापरणारे थोडे, त्यामुळे परवानाधारक दुकानदार केपा कधीतरीच आणतात. दोन-तीन खेपा मारल्या की एखादी डबी हाती लागते, ती परवान्यावर नोंदवून घ्यायची.

२०२४ ला लोकसभेच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. काजूचा अख्खा हंगाम गेला. जूनमध्ये ती परत आणली आणि बघतो तर फळीवरच्या डबीतल्या केपांवर हिरवा गंज चढलेला. सातांपैकी दोन उडाल्या. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर, भाटातल्या बागायतीत सुरण आणि कणगी हे कंद लावलेले, डुकरांनी एका रात्रीत तीन वाफे उकरले. त्या दिवसांत मी जे केलं ते आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर दुसरा कोणी त्यातच सापडेल.

पलीकडच्या गावातल्या एका ओळखीच्याने नंबर दिला. फोनवरचा माणूस अगदी गोड बोलायचा. "दादा, माल ओरिजिनल, परदेशी. अमेरिकेतसुद्धा सध्या मिळत नाही." यातला शेवटचा भाग अगदीच खोटा नव्हता, २०२० नंतर तिकडेही केपांची मोठी टंचाई झाली होती. अर्धं खरं सांगून त्याने पूर्ण विश्वास मिळवला. आधी पंचवीस केपा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हातोहात दिल्या. पंचवीसच्या पंचवीस उडाल्या. मग मीच चारशे मागितल्या. आठ हजार रुपये यूपीआयने पाठवले. चार गोल डब्या मिठाईच्या खोक्यात घालून कुरिअरने आल्या.

स्फोटक वस्तू पोस्टाने वा कुरिअरने पाठवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. खोक्यावर 'सुटे भाग' असं लिहिलेलं पाहिलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण डुकरं डोळ्यांसमोर होती.

प्रत्येक डबीत वरचा थर खरा होता. चकचकीत तांबं, आत सारखा बसलेला मसाला, त्यावर लाखेचा पातळ पापुद्रा. त्या वापरत गेलो तोवर तीन आठवडे निघाले. खालच्या केपा मात्र एकदा उडून गेलेल्या होत्या. कडा चिमट्याने सरळ केलेल्या, आत मुलांच्या पिस्तुलातल्या टिकल्यांची पूड आणि वरून नखांना लावतात त्या रंगाचा थेंब. दिव्याखाली धरल्या असत्या तर मला तेव्हाच कळलं असतं: आतला काळपटपणा, कडेवरच्या चिरा, आणि निपलवर बसवली की डुगडुगणं. मी बघितलं नाही.

त्या रात्री पाऊस नुकता ओसरला होता. मी मांगराजवळ, म्हणजे शेतातल्या खोपीजवळ, उभा, धाकटा भाऊ विजेरी घेऊन बाजूला. घोडा पडला, टिक झालं, बार नाही. दुसरी केप लावली, पुन्हा टिक. मी नळी खाली केली. भाऊ "बघू दे रे" म्हणत विजेरी घेऊन पुढे आला, आणि तेवढ्यात बार निघाला. केपेची ठिणगी मेलेली नव्हती, आत धुमसत होती. बोळा त्याच्या पोटरीला लागला, विजारीला भोक पडलं, खाली रुपयाएवढा भाजल्याचा डाग उठला. छरे असते तर पाय गेला असता. तो "काही नाही रे दादा" म्हणत राहिला आणि मला त्याच्याकडे बघवेना.

बार निघाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला तशीच धरून निदान मिनिटभर थांबायचं, कोणालाही पुढे येऊ द्यायचं नाही, हे वडिलांनी मला दहादा सांगितलं होतं. त्या घाईत मी ते पाळलं नाही. यातला दोष माझा आहे, तो मी त्या विकणाऱ्यावर टाकत नाही.

बंदुकीचंही नुकसान झालं. टिकलीच्या मसाल्यात क्लोरेट असतं. ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढतो. आमच्या दमट हवेत आठवड्यात निपल गंजलं, भोक बुजलं, नवं बसवावं लागलं.

फोन केला तर पहिल्यांदा "बघतो" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "दादा, कोणाला सांगणार? तुम्ही पण विनापरवान्याचं घेतलंय ना." त्यानंतर नंबर बंद. त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. केपा हासुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळाच आहे. परवाना नसलेल्याकडून त्या घेणं गुन्हा, आणि माणूस त्या भीतीने गप्प बसतो. मीही वीस दिवस गप्प बसलो. मग भाचा वकिली करतो त्याला सगळं सांगितलं, त्याच्यासोबत ठाण्यात जाऊन उरलेल्या केपा जमा केल्या आणि जे घडलं ते लेखी दिलं. खूप ऐकून घ्यावं लागलं. पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन नंबरवर तक्रार नोंदवली, पण तोवर खात्यातून रक्कम पुढे सरकली होती. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर कदाचित अडवता आली असती.

आता वाड्यावरचे आम्ही चार परवानाधारक एकत्र दुकानदाराकडे मागणी देतो आणि माल आला की आपापल्या परवान्यावर नोंदवून घेतो. वेळ लागतो, पण एकाच्या मागणीपेक्षा चौघांची मागणी त्याला परवडते. केपा घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, दारूपासून वेगळ्या आणि कुलपात ठेवतो. ओलसर झालेल्या केपा चुलीजवळ वाळवायचा विचारसुद्धा करू नका; उष्णतेनेही त्या फुटतात. केप वाया जाऊ नये म्हणून बंदूक भरण्याआधी निपलचं भोक बारीक तारेने साफ करतो. आणि रोज रात्री बार काढत नाही. आधी पत्र्याचा डबा बडवतो, डुकरं हटलीच नाहीत तरच बंदूक.

तो माणूस नवीन नंबर घेऊन फिरत असणार. त्याच्याकडून आलेल्या गोल डब्या कोणाकडे असतील, तर वरचा थर काढून खालच्या केपा दिव्याखाली धरा. आत काळं दिसलं तर एकही निपलवर चढवू नका, तशाच ठाण्यात द्या. भावाच्या पोटरीवरचा डाग अजून गेलेला नाही.