कटिंग मॅट: नऊ महिने वापरल्यानंतर

ए३ साइजची, ३ मिलीमीटर जाडीची सेल्फ हीलिंग मॅट (कटरने कापताना खाली ठेवायची, चिरा आपोआप मिटणारी) घेऊन नऊ महिने झाले. जवळजवळ रोज वापरते, जास्त करून कार्डस्टॉक म्हणजे जाड कागद आणि फेल्ट म्हणजे दाबलेल्या तंतूंचं कापड, अधूनमधून सुती कापड. मॅट मला मनापासून आवडलीये पण पहिले तीन महिने मी ती एकदाही धुतली नव्हती, नुसती फडक्याने पुसून ठेवायचे.

झालं काय, फेल्ट कापता कापता मधल्या भागातल्या चिरा मिटेनाशा झाल्या. मला वाटलं मॅट संपली. मग उजेडात तिरकी धरून बघितली तर प्रत्येक चिरेत बारीक तंतू दाबून बसलेले. या मॅटचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ असतं, ब्लेड जाताना ते फक्त बाजूला सरकतं आणि मागाहून परत जवळ येतं, त्यालाच सेल्फ हीलिंग म्हणतात, पण मध्ये धागा अडकलेला असेल तर चीर मिटणार कशी?

आता दर आठवड्याला आधी कोरडी साफ करते. पांढरं खोडरबर चिरांवर गोल गोल फिरवायचं, तंतू गुंडाळून वर येतात, उरलेले मऊ टूथब्रशने. मग साधं पाणी, फार तर जेमतेम कोमट, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ स्पंज. वाळवायची सावलीत आणि आडवी सपाट ठेवून. पांढरा गोंद सांडला तर ओला असताना घासू नका, पूर्ण वाळला की नखाने सोलून निघतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, ग्रिडच्या म्हणजे मापाच्या छापील रेघा जातात आणि मॅटही खराब होते.

गरम पाणी, इस्त्री, ग्लू गन, ऊन, सगळ्यापासून लांब ठेवा. माझी एकदा दुपारभर खिडकीत उन्हात राहिली आणि एक कोपरा उचलला गेला. दोन दिवस जड पुस्तकांखाली ठेवल्यावर बराचसा बसला पण पूर्ण नाही, तिथे पट्टी अजून किंचित डुगडुगते, म्हणून त्या कोपऱ्यात मी मापाचं काम करत नाही.

आणि ब्लेड! साफसफाईपेक्षाही मॅटचं आयुष्य यावर जास्त आहे असं माझं मत झालंय. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि मग चीर इतकी खोल जाते की नीट मिटतच नाही. माझ्याकडे ९ मिलीमीटरचा कटर आहे, टोक जरा अडकायला लागलं की लगेच ब्लेडचा पुढचा एक तुकडा मोडून टाकते. कटर बाजूला कलता धरला तर मॅटचा पापुद्रा निघतो, तो परत चिकटत नाही, छोटे गोल कापताना हे हमखास होतं, ते मी आता जाड पुठ्ठा खाली ठेवून कापते.

शिवाय एकाच रेघेवर सारखं कापायचं नाही. १० सेंटीमीटरच्या रेघेवर मी टॅग कापत राहिले तर तिथे खाचच पडली, आता ब्लेड आपोआप त्या खाचेत घसरतं आणि कागद वाकडा कापला जातो. ती खाच धुऊनही गेली नाही. सध्या मॅट उलटी करून दुसरी बाजू वापरतेय आणि दर धुण्याला ती अर्धी फिरवून ठेवते.