गोगलगाय आली, पण कागद आला नाही

फ्रेंच चित्रकार मातीसच्या 'द स्नेल'चं दोन बाय दोन फुटी प्रिंट ऑनलाइन मागवलं, ते मागच्या आठवड्यात औशाला घरी पोचलं. पाचपैकी दोन तारे, आणि तेही पॅकिंगला. नळकांडं जाड होतं, एक कोपरा दुमडला नाही.

उघडलं तेव्हा धाकटा भाऊ शेतातून आला होता. म्हटलं, गोगलगायीचं चित्र आहे. २०२२ ला आमच्या भागात याच बयांनी कोवळं सोयाबीन कुरतडलं, आम्ही बॅटरी घेऊन वेचत होतो, मिठाच्या पाण्यात टाकत होतो. "अन् दादा, तुम्ही पैसे देऊन आणलाव व्हय?"

मी झेडपीच्या शाळेत चित्रकला शिकवली. कातरकाम-चिकटकाम म्हणजे लहान पोरांचा तास, असंच सगळे धरून चालायचे. मातीस त्या तासाला सत्तरीनंतर बसला. १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, चित्राच्या घोडीपुढं फार वेळ उभं राहणं जमेना. मग सहाय्यकांकडून कागद गॉशनं, म्हणजे दाट अपारदर्शक जलरंगानं, रंगवून घ्यायचा आणि थेट रंगातच कात्री घालायची. आपल्या घोटीव कागदासारखा गुळगुळीत रंग नाही, ब्रशचा फटकारा दिसणारा. 'द स्नेल' १९५३ चं, म्हणजे तो गेला त्याच्या आदल्या वर्षीचं. मूळ चित्र जवळपास साडेनऊ फूट लांब-रुंद, लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात. तुकडे आधी टाचण्यांनी लावून जागा ठरवलेल्या.

प्रिंटमध्ये यातलं काय आलं? चकचकीत लॅमिनेशन. हिरवा तुकडा नव्या ताडपत्रीसारखा, फटकारा गायब, वर आमची ट्यूबलाइट. त्याहून वाईट म्हणजे कड छाटलीय. डावीकडं वर जांभळ्या तुकड्याच्या काठाला एक बारकी गोगलगाय कातरलेली आहे, खरी गंमत तीच. तीच अर्धी गेली. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "स्क्रीननुसार रंगात फरक पडू शकतो." अहो, मी रंगाचं कुठं विचारलं!

१९४७ मध्ये 'जाझ' हे त्याच्या कातरकामाचं पुस्तक छापून आलं तेव्हा खुद्द मातीसही छपाईवर नाराज होता. तिथं तर तेच गॉश रंग स्टेन्सिलनं हातानं भरले होते. माझी तक्रार मग किती धरायची?

परत पाठवलं नाही. पाठ मात्र पांढरी, जाड, डिंक छान धरते. कार्ट्रिज पेपरला पोस्टर कलर मारून बाजेवर वाळत घातलाय, कात्री शिवणयंत्राच्या खणातली. पाठीसाठी अर्धा तारा वाढवतो.