प्राग की रोम? मित्रांबरोबरच्या बॅकपॅकिंगची सुरुवात कुठून करायची

चार-पाच मित्र, प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, अडीच आठवड्यांची सुट्टी आणि युरोप, ग्रुपवर इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मग कोणीतरी विचारतं की उतरायचं कुठे, आणि घोडं तिथेच अडतं. निम्मे म्हणतात रोम, कारण रोम नाही पाहिलं तर गेलात कशाला, आणि निम्मे म्हणतात प्राग, कारण स्वस्त आहे (एकच जण प्रामाणिकपणे 'बिअर' लिहितो, बाकीचे 'आर्किटेक्चर' लिहितात).

मी दोन्ही करून बसलोय, वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या मित्रांबरोबर. एकदा रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस असं सुरू केलं, एकदा प्राग-बुडापेस्ट-व्हिएन्ना. तर कुठलं शहर जास्त सुंदर हा वाद इथे नकोच, तो रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर घाला. प्रश्न एवढाच आहे की सुरुवातीला कुठलं बरं पडतं, कारण पहिल्या तीन-चार दिवसांत ग्रुप अजून ग्रुप झालेला नसतो, कोण किती चालतो, कोणाला आंघोळीला किती वेळ लागतो, कोणाला भूक लागली की राग येतो हे कोणालाच माहीत नसतं. घरी दहा वर्षांची मैत्री असली तरी एका खोलीत आठ बंक आणि एकच बाथरूम हे प्रकरण वेगळंच असतं.

पहिले दोन दिवस

इथेच खरा फरक आहे. रोम तुमच्याकडून आधी निर्णय मागतं. कोलोसियमचं तिकीट तारीख आणि वेळ ठरवून, तेही नावानिशी घ्यावं लागतं, आत जाताना ओळखपत्र बघतात. साधं तिकीट १८ युरोंचं, त्यातच शेजारचे रोमन फोरमचे अवशेष आणि पॅलेटाइन टेकडी येते, पण सीझनमध्ये ते चटकन संपतं. व्हॅटिकन म्युझियमचंही तसंच, फ्लॉरेन्सला उफिझी या चित्रसंग्रहालयाचं तसंच, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे त्या अकादमियाचंही तसंच. म्हणजे पाच जणांनी महिनाभर आधी बसून ठरवायचं की अमक्या मंगळवारी सकाळी साडेनऊला आपण सगळे जागे, तयार आणि वेळेवर असू. आम्ही ठरवलं. आमच्यातला एक जण विमानाच्या थकव्याने असा काही झोपला की त्याला उठवता उठवता स्लॉट गेला, पैसे परत मिळाले नाहीत, आणि मग 'तुम्ही मला सोडून का नाही गेलात' विरुद्ध 'तुला सोडून गेलो असतो तर तू काय म्हणाला असतास' हे भांडण जे सुरू झालं ते फ्लॉरेन्सपर्यंत पुरलं.

प्रागमध्ये असं काही होतच नाही, कारण तिथलं बघण्यासारखं बरंचसं रस्त्यावरच आहे. चार्ल्स ब्रिज, १३५७ ला बांधायला घेतलेला, कधीही जा. ओल्ड टाउन स्क्वेअरमधलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ, तेही फुकट (दर तासाला बाहुल्या फिरतात तेव्हा खाली जी गर्दी जमते ती बघण्यात जास्त मजा, घड्याळाचा कार्यक्रम डोळे मिचकावेपर्यंत संपतो). किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट लागत नाही, सेंट व्हिटस कॅथेड्रल वगैरे आतून नीट बघायचं तर लागतं. कोणी अकराला उठलं तर बाराला पुलावर भेटू, इतकं सोपं. बुडापेस्टलाही तेच, चेन ब्रिज पायी ओलांडा, संध्याकाळी गेलेर्त टेकडीवर चढा, रात्री डॅन्यूबकाठी बसून समोरची उजळलेली पार्लमेंट बघा, सगळं बिनातिकीट.

चुका पहिल्याच दोन दिवसांत होतात, आणि कुठलं शहर त्या चुका पोटात घालतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्राग घालतं, रोम त्याचे पैसे घेतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आणि तुमच्या फायद्याची. भारतातून गेलात तर तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे चार-पाचलाच टक्क जाग येते. लोळत रील्स बघण्यापेक्षा बाहेर पडा. पहाटेचा रिकामा चार्ल्स ब्रिज किंवा पहाटेचं ट्रेव्ही कारंजं, नंतर आठवडाभर गजर लावूनही ते जमत नाही. ज्याला अजिबात जाग येत नाही त्याला झोपू द्या, वर लिहिलेलं भांडण आठवा.

पैसे

सरळ सांगायचं तर प्राग आणि बुडापेस्ट इटलीपेक्षा स्वस्त पडतात, व्हिएन्ना नाही. व्हिएन्नाला राहणं-खाणं जवळजवळ इटलीच्याच भावात. त्यामुळे 'ईस्टर्न युरोप स्वस्त' असं म्हणून तिन्ही शहरं एका पिशवीत टाकू नका.

पण मध्य युरोपात चलनाचा घोळ आहे. चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, ऑस्ट्रियात युरो. एका युरोला साधारण २५ च्या आसपास कोरुना आणि काही शे फोरिंट, म्हणजे टीटीएमएमचा हिशोब तीन चलनांत आणि मनातल्या मनात रुपयात, पहिल्या दिवशी डोकं भंजाळतं. खर्च वाटायचं अ‍ॅप विमानतळावरच टाकून घ्या आणि रोजच्या रोज लिहा, 'नंतर बघू' म्हणाल तर नंतर कोणीच बघत नाही. प्रागच्या जुन्या भागात 'झीरो कमिशन' लिहिलेली पैसे बदलायची दुकानं दिसतील, कमिशन शून्य असतं पण दर बेकार असतो. फसलात तरी पावती सांभाळा, चेकमध्ये २०१९ पासून कायदाच आहे की १००० युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. हे आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं, पण चार तासांनी. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, आणि मशीनने विचारलं की रुपयात कापू की स्थानिक चलनात, तर स्थानिक चलनच दाबा.

इटलीत चलन एकच, पण चिल्लर खर्च खूप. हॉस्टेलवाले शहराचा टॅक्स माणशी दर रात्रीचा वेगळा घेतात. पँथिऑन पूर्वी फुकट होतं, २०२३ मध्ये ५ युरोंचं तिकीट लावलं. हॉटेलात टेबलावर बसलात की 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो बिलात येतात, ती फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे. कॉफी उभ्याने काउंटरवर प्यायली की स्वस्त, बसून प्यायली की बऱ्याचदा महाग. व्हेनिसने २०२४ पासून ठराविक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेश फी लावलीय, शहरात रात्री राहणाऱ्यांना ती माफ आहे पण ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. आणि तिथली बोट, व्हापोरेत्तो, एका वेळचे साडेनऊ युरो घेते (७५ मिनिटं चालतं तिकीट), तेव्हा चालाच, पाठीवर सॅक आहे म्हणून तर चालता येतं. चारशेच्या वर पूल आहेत, जवळपास प्रत्येकाला पायऱ्या, त्यावरून ट्रॉली बॅग खडखडवत नेणाऱ्यांकडे बघून फार बरं वाटतं.

रोमच्या बाजूने एक मोठा मुद्दा म्हणजे पाणी. शहरभर ‘नाझोनी’ म्हणून लोखंडी नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, चोवीस तास गार, प्यायचं पाणी. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि सरळ तोंड लावून पिता येतं. बाटली विकत घ्यायची गरजच नाही. व्हिएन्नालाही नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून पाइपने येतं, आणि ते पिऊन झाल्यावर बाटलीतलं पाणी विकत घेणाऱ्यांची कीव येते.

एका शहरातून दुसऱ्या शहरात

इटली इथे साफ जिंकते. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. दोन कंपन्या या मार्गावर एकमेकींशी भांडतात म्हणून आधी काढलं तर तिकीट स्वस्त मिळतं. ज्यांना आधी काहीच ठरवायचं नसतं (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच) त्यांच्यासाठी रिजनल ट्रेन आहे, भाडं ठरलेलं, शेवटच्या क्षणी काढलं तरी तेवढंच, फक्त वेळ दुप्पट किंवा त्याहून जास्त. कागदी रिजनल तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड. प्राग आणि बुडापेस्टच्या मेट्रोतही तोच नियम, साध्या कपड्यांतले तपासनीस बरोबर टुरिस्टच हेरतात.

मध्य युरोपात अंतरं मोठी. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास, प्रागहून थेट बुडापेस्ट सुमारे सात तास. प्रवास आरामाचा आहे, खिडकीबाहेर छान दिसतं, पण अर्धा दिवस जातो हे धरूनच चाला.

विमानतळावरून शहरात येणं दोन्हीकडे सोपं. रोमला लिओनार्डो एक्स्प्रेस १४ युरो, ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशन, पण हॉस्टेल त्रास्तेव्हेरे बाजूला असेल तर तिकडे जाणारी साधी लोकल स्वस्त पडते. बुडापेस्टला १००ई नंबरची बस थेट शहराच्या मध्यात सोडते, तिला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही.

खाणं आणि रात्री

ग्रुपमध्ये शाकाहारी कोणी असेल तर इटली म्हणजे सुख. वजनावर कापून देतात तो पिझ्झा, पास्ता, जिलेटो, भागलं. प्राग-बुडापेस्टला शाकाहाऱ्याच्या नशिबी पहिल्या दिवशी तळलेलं चीज आणि दुसऱ्या दिवशी लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी आणि वर आंबट साय आणि चीज, जाम भारी लागतं पण तिसऱ्या दिवशी नको होतं. अलीकडे व्हीगन जागा बऱ्याच झाल्यात, शोधाव्या लागतात इतकंच.

रात्रीच्या बाबतीत उलट. बुडापेस्टचे रुइन बार, पडक्या इमारतींत जुनं भंगार फर्निचर टाकून २००० नंतर सुरू झालेले, तिथे पाच जण एका टेबलाला बसलात की बाकी काही करायची गरज नसते, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत असेल तर सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन पडायचं (१९१३ चं आहे, स्विमसूट आणि चपला घरूनच न्या). माझ्या मते नवख्या ग्रुपची मैत्री कोलोसियमपेक्षा त्या कुंडात जास्त चांगली जमते. प्रागमध्ये गाइड घेऊन रात्रभर एका पबमधून दुसऱ्यात फिरायचं, म्हणजे पब-क्रॉल, हा प्रकार आता रात्री दहानंतर बंद केलाय, स्वतःच्या स्वतः प्यायला कोणी अडवत नाही, फक्त गल्ल्यांत ओरडू नका, वर माणसं राहतात. रोमला रात्र म्हणजे चौकात जिलेटो खात बसणं, पण स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून तिथे बसण्याबद्दल दंड आहे. आम्ही बसलो होतो, शिट्टी ऐकून उठलो.

मग तुम्ही कुठून?

पाच-सहा जण असाल, त्यातले दोन जण मित्राचे मित्र असतील, बजेट एकसारखं नसेल, तर प्रागला उतरा. दोघं-तिघंच असाल, एकमेकांना ओळखून असाल आणि कोणीतरी एक जण मनापासून तिकिटं बुक करणारा असेल तर रोमने सुरू करायला हरकत नाही, कारण रोमला पाय लागतात आणि पाय पहिल्या आठवड्यातच ताजे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर रोमच्या उन्हात, सॅक घेऊन, पहिल्याच दिवशी... नको. डिसेंबर-जानेवारीत उलट, प्रागची थंडी हाडात शिरते आणि चार-साडेचारला अंधार, तेव्हा आधी इटली.

आणि दोन्ही करायचं असेल, म्हणजे अडीच आठवडे पूर्ण हातात असतील, तर माझा क्रम असा: प्राग, तिथून बुडापेस्ट, मग व्हिएन्ना, व्हिएन्नाहून रात्रीच्या ट्रेनने व्हेनिस, मग फ्लॉरेन्स, शेवटी रोम. एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं, इटलीची स्लॉटवाली तिकिटं दुसऱ्या आठवड्यात येतात, तोवर कोण कधी उठतो हे सगळ्यांना पाठ झालेलं असतं. तोटा एकच, बुडापेस्टच्या भावाची सवय झालेली असते आणि व्हेनिसला पहिलं बिल बघून सगळे गप्प होतात.

या क्रमात एक व्हिसाची मेख आहे. चारही देश शेंगेनमध्ये, व्हिसा एकच, पण अर्ज जिथे उतरता त्या देशाकडे नाही, जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, दिवस सारखेच असतील तरच पहिला देश. प्रागला चार रात्री आणि इटलीच्या तीन शहरांत मिळून आठ, तर अर्ज इटलीकडे, विमान प्रागचं असलं तरी. आणि रात्रीच्या ट्रेनमधले बर्थ लवकर भरतात, त्यामुळे व्हिसा हातात पडला की पहिलं बुकिंग तेच करा, कोलोसियम नंतर.